एक मातृवृक्ष, अनेक कलमे

आपल्या शाळेच्या पत्रिकेत माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामाविषयी लिहावे, अशी जुनी पद्धत आहे. डॉक्टर झालेले दवाखान्याविषयी लिहितात, शेती करणारे आंबिया आणि मृग बहाराविषयी लिहितात. माझे काम मात्र हातात धरून दाखवता येण्यासारखे नाही. मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. गावी आल्यावर कोणी विचारले, "काय करतेस गं तिकडे?" की मी आजवर "कॉम्प्युटरचं काम" एवढेच सांगत आले. यंदा ते जरा सविस्तर सांगायचे ठरवले आहे. शाळेच्या संगणक कक्षाचे काय करावे, हा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे आणि माझ्या रोजच्या कामाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक शब्द समजून घेऊ : व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक. जुना वाडा आठवा. मालक एक, भिंती त्याच, विहीरही एकच. पण आत आठ बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, कुलूप वेगळे, पाहुणे वेगळे. एका बिऱ्हाडातले भांडण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात येत नाही. मोठ्या सर्व्हरचे तसेच असते. त्याच्या आत एक खास सॉफ्टवेअर वाड्याच्या मालकासारखे बसते आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे वाटे करून देते. प्रत्येक वाट्यावर एक पूर्ण संगणक चालतो. त्या संगणकाला वाटते, आपण स्वतंत्र आहोत. प्रत्यक्षात तो डिस्कवरच्या काही फायलींच्या रूपात असतो. फाईल म्हटली की तिची प्रत काढता येते, आणि आजच्या लेखाचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी सोय बाजारात आणली. साध्या संगणकांवर ती यायला मात्र १९९९ उजाडले. अमेरिकेत १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने त्या वर्षी पहिले उत्पादन आणले. २००७ साली लिनक्समध्येच ही सोय आली आणि त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअरही मिळू लागले. आज तुम्ही खसऱ्याची नक्कल ऑनलाइन काढता, रेल्वेचे तिकीट काढता, निकाल पाहता, तेव्हा पडद्याआड कुठे ना कुठे सर्व्हर काम करत असतात आणि त्यांतले पुष्कळसे आभासी असतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ साली सरकारी कामासाठी 'मेघराज' या नावाने क्लाउड सेवा सुरू केली. त्या केंद्राच्या मोठ्या डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली क्लाउड केंद्रे उघडली. ज्याला आपण 'ढग' म्हणतो, तो आपल्यापासून इतक्या अंतरावर, चक्क जमिनीवर आहे.

आता माझी गोष्ट. २००४ साली नागपूरला एका संगणक प्रशिक्षण संस्थेत मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. खोलीत ३० संगणक. दर सत्राच्या आधी ते नव्याने तयार करायचे. विंडोज एक्सपीची सीडी घालायची, पडद्यावरचे प्रश्न संपेपर्यंत बसून राहायचे, मग ड्रायव्हर, मग ऑफिस, मग अँटिव्हायरस. एका संगणकाला सहज दोन तास लागत. देवनागरी हवी असेल तर आणखी एक काम असे. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय होती, पण ती आपोआप चालू होत नसे. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि पुन्हा सीडी घालायची. हे तीस वेळा! विसाव्या संगणकापर्यंत माणूस कंटाळतो आणि काही ना काही राहून जाते. म्हणून त्या काळी कुठल्याही प्रयोगशाळेत सहा-सात संगणक असे असत, की ज्यांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. मुले त्या संगणकांवर बसायला कुरकुरत.

नंतर 'घोस्ट' नावाचे सॉफ्टवेअर हाती आले. एक संगणक नीट तयार करायचा, त्याच्या डिस्कची प्रत काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. वेळ वाचला, पण एक अडचण राहिली. मदरबोर्ड वेगळा असेल तर उतरवलेली प्रत पुष्कळदा सुरूच होत नसे. आणि सगळ्या प्रतींचे नाव एकच असल्यामुळे नेटवर्कवर ओरड होई, की या नावाचा दुसरा संगणक आधीच हजर आहे.

व्हर्च्युअल मशीन आल्यावर पहिली अडचण मिटली. आभासी संगणकाला दिसणारा मदरबोर्डही आभासीच असतो, म्हणून तो सगळीकडे सारखा. खालचे खरे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, वरच्या प्रतीला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आता आमची पद्धत अशी आहे. एक आभासी संगणक अगदी मन लावून तयार करायचा. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम, ताजे सुरक्षा बदल आणि लागणारी सॉफ्टवेअर घालायची, नको ते काढून टाकायचे. मग त्याला 'टेम्प्लेट' म्हणजे साचा म्हणून जाहीर करायचे. व्हीएमवेअरमध्ये असा साचा झालेला संगणक सुरूच करता येत नाही. तो चालवण्यासाठी नसून प्रती काढण्यासाठी असतो. नवा सर्व्हर हवा झाला की साच्यावरून प्रत काढायची, तिला नाव, नेटवर्कचा पत्ता, मेमरीचा वाटा द्यायचा आणि सुरू करायची. ज्या कामाला दोन तास लागत, ते चहा गार होण्याच्या आत होते. शंभर हवे असतील तर शंभर.

हे मी एकदा घरी बाबांना समजावून सांगत होते. ते संत्र्याच्या बागेत आयुष्य काढलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे डोया बांधल्यावानीच झालं ना हे!"

आणि खरेच, याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. पांढुर्णा-सौसरच्या मुलांना हे सांगायला नको, पण पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना मी ते रंगवून सांगते. संत्र्याचे झाड आपण बी पेरून वाढवत नाही. जंभेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे रोप खुंट म्हणून घ्यायचे आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यात चांगल्या संत्र्याचा डोळा बांधायचा. तो डोळा ज्या झाडावरून घेतला, तो मातृवृक्ष. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून येणाऱ्या हजारो कलमांचे गुण मातृवृक्ष ठरवतो. खालचा खुंट म्हणजे आमचा खरा सर्व्हर आणि डोळा म्हणजे साचा.

पण बाबांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला : "अन् मायच रोगी असंन तर?" त्यांचा प्रश्न मला माझ्या कोणत्याही वरिष्ठाच्या प्रश्नापेक्षा नेमका वाटला. संत्र्याचा ग्रीनिंग रोग सायला किडीमुळे पसरतो, तसाच तो रोगी झाडाच्या डोळ्यातूनही पसरतो. रोपवाटिकेत रोप हिरवेगार दिसते आणि खरे रूप शेतात काही वर्षांनी कळते, तेव्हा बागच्या बाग हातची जाते. म्हणूनच नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५ पासून या पिकावर काम करते आहे आणि रोगमुक्त कलमे तयार करण्यावर तिचा इतका भर आहे. आमच्याकडेही साच्यात एक खोट राहिली, तर ती एका संगणकात राहत नाही. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येकात जाते. आणि पुढची गोष्ट तर अधिक महत्त्वाची. नंतर साचा दुरुस्त केला, तरी आधी काढलेल्या प्रती आपोआप दुरुस्त होत नाहीत. मातृवृक्षाला औषध दिले म्हणून दहा वर्षांपूर्वी त्याच्यापासून लावलेली बाग बरी होते का? नाही. प्रत्येक झाडाकडे जावे लागते. म्हणून आम्ही ठरावीक दिवसांनी साचा पुन्हा उघडतो, ताजा करतो, तपासतो आणि पुन्हा बंद करतो. आणि कोणती प्रत कोणत्या तारखेच्या साच्यातून निघाली, याची वही ठेवतो. हे कंटाळवाणे काम आहे. पण बाग कशामुळे टिकते, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा. असल्याच कंटाळवाण्या कामांची यादी ऐकायला मिळेल.

साचा करताना सर्वांत विचार करायला लावणारी पायरी शेवटची असते. प्रती काढण्याआधी साच्यातून त्या एका संगणकाची ओळख पुसून टाकावी लागते : त्याचे नाव, त्याचा अंतर्गत ओळख क्रमांक, त्याच्या गुप्त किल्ल्या, जुने पासवर्ड. विंडोजमध्ये 'सिसप्रेप' नावाचे साधन हे करते. लिनक्समध्ये प्रत पहिल्यांदा सुरू होताना 'क्लाउड-इनिट' तिला नवी ओळख देते. हे केले नाही तर काय होते? एका ठिकाणी मी असे सर्व्हर पाहिले आहेत, की ज्या सगळ्यांची गुप्त किल्ली एकच होती. एक कुलूप उघडले की सगळी घरे उघडी! ही बाब केवळ एका ठिकाणची नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरची लाखो यंत्रे तपासली. एका प्रकारच्या सुरक्षित जोडणीत शंभरांपैकी साडेपाचांहून अधिक आणि दुसऱ्या प्रकारात शंभरांपैकी साडेनऊंहून अधिक यंत्रे धोकादायक रीतीने एकमेकांसारखीच किल्ली वापरताना आढळली. त्यांत राउटर, फायरवॉल अशी कारखान्यातून एकाच साच्यात येणारी उपकरणे पुष्कळ होती.

म्हणजे साचा करणाऱ्याला प्रत्येक गोष्टीविषयी एकच प्रश्न विचारावा लागतो : हे एकट्याचे आहे की सगळ्यांचे? जे एकट्याचे ते पुसायचे, जे सगळ्यांचे ते ठेवायचे. आणि इथेच मला आपल्या भागाविषयी, आपल्या भाषेविषयी काही सांगायचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्हींची मिसळ, असे आपले चालत आले. मी शिकायला नागपूरला गेले तेव्हा मैत्रिणी म्हणत, "तुम्ही एमपीचे, हिंदीवाले." भोपाळला गेले की ऐकायला मिळे, "आप तो महाराष्ट्रियन हैं." दोन्हीकडे हसून वेळ निभावली. आपल्यापैकी बहुतेकांनी निभावली असेल. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौसर तालुके छिंदवाड्यातून त्यात आले. नवा जिल्हा म्हणजेसुद्धा एका अर्थी साच्यातून काढलेली प्रतच असते. तीच पदे, तेच अर्ज, तीच शिक्क्यांची रीत. त्यात वाईट काही नाही; कारभार सारखा असावाच लागतो. पण गावोगावच्या संगणकांचे साचे जेव्हा दूर कुठेतरी तयार होतात, तेव्हा त्यांत इंग्रजी असते, हिंदी असते. मराठी कोणी मुद्दाम वगळत नाही. ती घालायचे कोणाच्या लक्षात येत नाही, इतकेच. आणि साच्यात जे नाही, ते शंभर प्रतींत नाही.

गंमत पाहा. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ पासून भारतीय मानकात आहे. त्यात 'ळ' आहे, शिफ्ट दाबून 'ल'च्या कळीवर. 'वाऱ्या'साठी आणि 'सुऱ्या'साठी लागणारा 'ऱ' आहे, शिफ्ट दाबून 'र'च्या कळीवर. म्हणजे अक्षरांची सोय पूर्वीपासून आहे. पण कळफलकाच्या यादीत मराठी निवडलेली नसेल, शब्द तपासणारा कोश हिंदीचा असेल, तर मुलाने 'शाळा' लिहिले की खाली लाल रेघ येते. बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली रोज लाल रेघ पाहणाऱ्या मुलाला काय वाटेल? आपलेच काही चुकते आहे, असे वाटेल. बोलताना आपण डोळ्याला 'डोया' म्हणतो, ते गोडच आहे; पण लिहिताना 'ळ' लागतो आणि तो मुलांच्या बोटांत असायला हवा. संगणकाचे नाव एकट्याचे, म्हणून ते पुसायचे. भाषा सगळ्यांची, म्हणून ती साच्यात ठेवायची. माझ्या धंद्यातला नियमही हेच सांगतो.

हे होऊ शकते का? केरळने करून दाखवले आहे. तिथे २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे शाळांनी मुक्त, मोफत सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. त्या प्रकल्पातून वाढलेल्या 'काइट' या संस्थेने लिनक्सचा स्वतःचा साचा तयार केला. त्यात मल्याळम आहे, वर्गात लागणारी गणिताची, विज्ञानाची सॉफ्टवेअर आहेत. २०१९ सालच्या साच्याची योजना शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी होती. एक साचा नीट केला आणि दोन लाख ठिकाणी मुलांची भाषा पोहोचली. आपल्याला दोन लाख नकोत, आपल्याला एक खोली हवी आहे.

म्हणून विश्वस्त मंडळींना आणि पालकांना माझी नम्र सूचना आहे. सगळेच संगणक नवे घेण्याऐवजी एक चांगला सर्व्हर घ्यावा. जुने संगणक पडदा, कळफलक आणि माउस म्हणून आणखी काही वर्षे चालतील. खरे काम सर्व्हरवरच्या आभासी संगणकांत होईल. एक मराठी साचा तयार करावा आणि सत्राच्या सुरुवातीला त्यावरून प्रत्येक जागेसाठी प्रत काढावी. एखाद्या मुलाने प्रयोग करता करता आपला संगणक बिघडवला, तर ती प्रत पुसून दुसरी काढावी. मग 'हात लावू नका'ची पाटी लावायची गरज राहणार नाही, आणि माझ्या मते हा सर्वांत मोठा फायदा आहे. ज्या संगणकाला हात लावायची भीती वाटते, त्यावर कोणी काही शिकत नाही.

तोटेही सांगते, कारण वस्तू विकणारा ते सांगणार नाही. सर्व्हर बंद पडला तर सगळा वर्ग थांबतो. म्हणून त्याला चांगला यूपीएस हवा आणि साच्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या कपाटात हवी. नेटवर्कच्या तारा नीट टाकलेल्या हव्यात. परवान्यांचा खर्च आधी विचारून घ्यावा. विंडोज वापरले तर आभासी प्रतींनाही परवाने लागतात. व्हीएमवेअर २०२३ साली ब्रॉडकॉम कंपनीकडे गेली आणि त्यानंतर परवान्यांची पद्धत बदलली, तेव्हा अनेक संस्थांनी दुसरे पर्याय पाहिले. प्रॉक्समॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर शाळेच्या गरजेला पुरेसे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळेतल्या एका तरी शिक्षकाला हे काम येत असले पाहिजे. कलम आणून लावले आणि डोळ्याखालचे फुटवे कोणी खुडले नाहीत, तर काही वर्षांनी संत्र्याच्या जागी जंभेरी उभी राहते. सुट्टीत येऊन साचा तयार करून देणे आणि शिक्षकांना व वरच्या वर्गातल्या मुलांना शिकवणे, एवढे मी आनंदाने करीन.

विद्यार्थी मित्रांनो, सर्व्हर येईपर्यंत थांबू नका. कोणाच्या घरी बऱ्यापैकी मेमरी असलेला संगणक असेल, तर मोठ्यांना विचारून त्यावर व्हर्च्युअलबॉक्स घाला. त्यात एक लिनक्स संगणक तयार करा. यादीत मराठी निवडा आणि आपल्या गावाविषयी दहा ओळी लिहून पाहा. मग त्याची प्रत काढा. प्रत काढताना नेटवर्कचे पत्ते नवे द्यायचे का, असे ते विचारेल, तेव्हा 'हो' म्हणा. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. मूळ बाजूला ठेवा आणि प्रतीवर वाटेल ते प्रयोग करा. बिघडली तर नवी काढा. मीसुद्धा हे काम कोणत्या पुस्तकापेक्षा असेच जास्त शिकले.

पालकहो, एक शेवटचे. यंत्रे एका साच्यातून काढावीत, मुले नाहीत, असे म्हणून भाषण संपवण्याची पद्धत आहे. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. मुलांनाही एक समान पाया लागतोच : चांगली भाषा, हिशेब, प्रश्न विचारायची सवय. तो पाया घालायचे काम शाळेचे आणि तो निरोगी आहे का, हे पाहायचे काम आपल्या सगळ्यांचे. त्यानंतर प्रत्येकाला आपले नाव आणि आपली किल्ली स्वतःच मिळवायची असते.

संगणक कक्षाचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर साच्यात काय काय हवे, याची यादी मुलांनीच करावी आणि मुख्याध्यापकांकडे द्यावी. पहिल्या ओळीत 'ळ' लिहायला विसरू नका.